अकरा मजले, दोन जिने : आमच्या सोसायटीच्या फायर ड्रिलच्या नोंदी

पुणे, सिंहगड रस्ता. एकच इमारत, पार्किंगवर अकरा मजले, मजल्यावर चार अशी ४४ घरं. दोन जिने, दोन लिफ्ट, आठव्या मजल्यावर रेफ्युज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा. मी कमिटीत आहे आणि आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. सुरुवातीला वहीत आमच्यापुरतं लिहीत होते. नंतर शेजारच्या दोन सोसायट्यांनी वही मागून नेली, म्हणून नीट उतरवून ठेवते आहे.

६ मार्च २०२४, बुधवार

सकाळी पावणेअकराच्या सुमारास मीटर रूममधून धूर यायला लागला. केबलचा एक जोड तापून वितळला होता. वॉचमनदादांनी मेन स्विच पाडला, महावितरणचा माणूस आला, वीस मिनिटांत सगळं निवळलं. कुणाला काही झालं नाही.

पण हूटर, म्हणजे आगीचा भोंगा, वाजलाच नाही. धूर डक्टमधून चौथ्या मजल्यापर्यंत चढला आणि लोकांना तो वासावरून कळला. चौथ्यावरच्या दोघी लिफ्टने खाली आल्या. दहाव्यावरचे काका गच्चीकडे धावले. गच्चीला कुलूप, किल्ली चेअरमनांकडे आणि चेअरमन ऑफिसात. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. त्या दारात उभ्या राहून मला विचारत होत्या, "अगं, मी कुठून जाऊ आता?" मला सांगता येईना. कमिटीत तीन वर्षं आहे, तरी सांगता येईना.

१० मार्च, रविवार

ड्रिलची तारीख ठरवण्याआधी इमारत बघायची असं ठरलं. मी आणि सातव्यावरचे निवृत्त इंजिनिअर काका वही घेऊन गच्चीपासून खाली उतरलो. तीन तास लागले. जे सापडलं ते असं :

दोन्ही जिन्यांत मिळून चपलांचे ३१ रॅक, ९ सायकली आणि एक लाकडी कपाट. धूर अडवणारे फायर डोअर हवा यावी म्हणून कुंड्या आणि विटा लावून उघडे ठेवलेले, नऊ दारांचे क्लोजर (दार आपोआप मिटवणारे) गेलेले. रेफ्युज एरियाला कुलूप, आत गणपतीच्या मांडवाचे बांबू, थर्माकोल आणि कुणाचा तरी जुना सोफा. होजच्या, म्हणजे आग विझवायच्या पाइपच्या, अकरा पेट्यांपैकी सात पेट्यांत नोझलच (पाइपचं तोंड) नाही. नोझल पितळी असतं, भंगारात विकलं जातं, त्यामुळे ते जातं. तुमच्याकडेही उघडून बघा, नुसत्या काचेतून दिसत नाही. आगीच्या पाण्याचा पंप ऑटोवर हवा होता, तो मॅन्युअलवर. आणि वॉचमनच्या केबिनमधलं अलार्मचं पॅनेल 'सायलेन्स' करून ठेवलेलं. धूर ओळखणारे दोन डिटेक्टर खराब होते, रात्री-अपरात्री उगाच हूटर वाजायचा, म्हणून कुणीतरी बटण दाबलं ते तसंच राहिलं.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रपत्र 'ब' द्यावं लागतं. आमचं जानेवारीचं प्रपत्र फाइलला आहे. एजन्सीचा माणूस आला तेव्हा त्याच्याबरोबर कमिटीतलं कुणीच फिरलं नाही. बिलावर सही माझी आहे. हे मला फार लागलं.

१७ मार्च, रविवार

सभा. पॅनेलची दुरुस्ती आणि दोन डिटेक्टर १४,५०० रुपये, नऊ डोअर क्लोजर १४,४००, सात नोझल ६,३००. एकूण ३५,२००, म्हणजे घरटी ८००. पैशांवरून फारशी ओढाताण झाली नाही.

भांडण झालं ते चपलांच्या रॅकवरून. "घरात जागा नाही", "आमच्या रॅकने कुणाचं अडतंय?", "आधी वरच्यांचा काढा". नोटीस लावली, आठ दिवसांची मुदत दिली. एकही रॅक हलला नाही.

१३ एप्रिल, शनिवार

रॅकपायी जवळजवळ चार आठवडे गेले. शेवटी आज एक गोष्ट केली, ती आधीच करायला हवी होती. संध्याकाळी सहाला, लोक ये-जा करत असताना, एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत नववीतल्या एका मुलाला बसवलं आणि चौघांनी त्याला सहाव्या मजल्यावरून खाली न्यायला घेतलं. चौथ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची रॅक आणि कठड्याच्या मध्ये अडकली. पुढे जाईना, मागे येईना. वरून उतरणारे लोक तिथेच थांबले. ज्यांचा रॅक होता त्या वहिनी बाहेर आल्या, त्यांनी बघितलं आणि काही न बोलता रॅक आत ओढला.

दोन दिवसांत २६ रॅक गेले. उरलेले पाच आम्ही घरी जाऊन, चहा पिऊन, हात जोडून काढवले.

२० एप्रिल, शनिवार

अग्निशमन सेवा सप्ताह १४ ते २० एप्रिल असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक गेले, त्यांच्या आठवणीचा हा आठवडा. या दिवसांत जवान सोसायट्यांमध्ये प्रात्यक्षिक दाखवायला येतात. आधी अर्ज करावा लागतो. आम्ही तीन आठवडे आधी केला होता.

ट्रेमध्ये आग पेटवून प्रत्येकाच्या हातात आग विझवायचा सिलिंडर दिला. माझी पाळी आली तेव्हा मी ज्वाळेच्या शेंड्यावर मारा केला. सहा किलोच्या एबीसी पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो. माझा संपला आणि आग तशीच होती. नळी ज्वाळेच्या बुडाशी धरायची आणि झाडू मारल्यासारखी डावी-उजवीकडे फिरवायची. हे भिंतीवरच्या चित्रात मी शंभरदा पाहिलं असेल, पण हाताला ते त्या दिवशी कळलं. तीसेक लोकांपैकी बाराजणांना पिनच निघेना. पिनेला प्लॅस्टिकचं सील असतं, ते पिळून तोडावं लागतं. शिवाय घाबरून ते दांडा आधीच दाबून धरत होते, त्यामुळे पिन आणखी घट्ट बसत होती.

गॅसच्या सिलिंडरवर ओलं पोतं टाकून आग कशी दाबायची तेही दाखवलं. आठव्यावरच्या आजींनी ते पहिल्या झटक्यात केलं.

२१ एप्रिल, रविवार. पहिलं ड्रिल

मूळ तारीख १४ एप्रिल होती. पण त्या दिवशी आंबेडकर जयंती, बरीच घरं बाहेर असणार होती. ते आम्हाला उशिरा सुचलं, तारीख बदलली. तुम्ही तारीख काढताना आधी कॅलेंडर बघा.

सकाळी दहाला हूटर. २७ घरांतून लोक उतरले. हूटर वाजल्यापासून शेवटचा माणूस खाली येईपर्यंत ११ मिनिटं २० सेकंद. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. माझ्या वहीत मात्र हे आहे :

सहाजण लिफ्टने आले. "सवयीने बटण दाबलं गेलं," असं एकजण म्हणाले.

पाच घरांत हूटर ऐकूच आला नाही. दार बंद, आत टीव्ही किंवा एसी. दर तीन मजल्यांमागे एक हूटर होता. चार नवे बसवले, ७,४०० रुपये.

जमायची जागा आम्ही गेटपाशी ठरवली होती. खालचे काका म्हणाले, बंब आत कुठून येणार? ९० माणसं नेमकी त्याच वाटेत उभी होती. जागा बदलून मागच्या बाजूच्या बदामाच्या झाडाखाली केली.

माणसं मोजायला २५ मिनिटं लागली, तरी आकडा जुळला नाही. घरात कोण कोण राहतं याची यादी होती. पण त्या क्षणी घरात कोण होतं ते यादीला कसं कळणार?

मग दारावर 'घर रिकामं' अशी पाटी अडकवायची युक्ती काढली. पुढच्या वेळी दोनजण पाटी विसरले म्हणून परत वर गेले, तेव्हा ती बंद केली. आता प्रत्येक मजल्याचे दोन जबाबदार आहेत. ते खाली येऊन फक्त जे कळत नाही तेवढंच सांगतात : "पाचवा मजला, ५०३ चं कळत नाही." याला दोन मिनिटं लागतात.

२६ जून, बुधवार. दुसरं ड्रिल

या नोंदीवर मी जास्त लिहिणार आहे.

मार्चमधला धूर बुधवारी पावणेअकराला आला होता आणि ड्रिल आम्ही रविवारी दहाला केलं. रविवारी सगळे धडधाकट पुरुष घरात असतात. म्हणून शाळा सुरू झाल्यावर, कामाच्या दिवशी, सव्वाअकराला घ्यायचं ठरवलं. दोन कमिटी सदस्यांनी विरोध केला, "आम्हीच नसू तर उपयोग काय?" मला तर त्याच कारणासाठी ते हवं होतं.

त्या वेळी इमारतीत ७३ माणसं होती. साठीच्या वरची २९. दहा वर्षांच्या आतली मुलं ९. घरकाम आणि स्वयंपाक करणाऱ्या ताई-मावश्या १४. घरून काम करणारे १३. बाकी आठजण सुतार, पार्सलवाले, एक नर्स असे. कमिटीतली मी एकटी. मजल्यांचे जे जबाबदार नेमले होते, त्यांच्यातले बहुतेक कामावर.

हूटर वाजला. मावश्या जागच्या हलेनात. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. नोटीस लिफ्टमध्ये लावली होती, इंग्रजीत, आणि मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर, ज्यात त्या नाहीत. तिघींना दुसरा जिना आहे हे माहीत नव्हतं. त्या रोज एकाच लिफ्टने येतात आणि जातात. एक ताई पोळ्या करत होत्या. त्या गॅस चालू ठेवून बाहेर आल्या, मग आठवण झाली म्हणून परत आत गेल्या.

आणि सहावा मजला. एका घराच्या दाराला बाहेरून कडी होती. आत आजोबा. त्यांना विस्मरणाचा आजार आहे. हूटरच्या आवाजाने ते घाबरले आणि आतून दार बडवायला लागले. मी बाहेरून कडी काढली, पण आतल्या सेफ्टी डोअरला कुलूप. जाळीतून त्यांचे हात दिसत होते. मी खाली ओरडून हूटर बंद करायला लावला आणि ड्रिल तिथेच थांबवलं. किल्ली मुलाकडे, मुलगा हिंजवडीत. तो पोचेपर्यंत सव्वा तास मी जाळीपाशी बसून त्यांच्याशी त्यांच्या कऱ्हाडच्या शाळेबद्दल बोलत राहिले.

त्या मुलाला कुणीही बेजबाबदार म्हणू नये. आजोबा त्याआधी दोनदा घराबाहेर पडले होते, एकदा थेट स्वारगेटला सापडले. त्याने कुलूप काळजीपोटीच लावलं होतं. पण त्या दिवशी धूर खरा असता तर ते कुलूप आम्ही कुणीच उघडू शकलो नसतो.

३० जून, रविवार

आजोबांच्या घरी सहाजण बसलो. ठरलं ते असं : बाहेरची कडी काढून टाकायची. सेफ्टी डोअरच्या तीन किल्ल्या करायच्या, एक समोरच्या काकूंकडे, एक कामाच्या मावशींकडे, एक वॉचमनच्या केबिनमध्ये सीलबंद डब्यात. दाराला सेन्सर लावायचा, दार उघडलं की काकूंच्या घरात आणि केबिनमध्ये बेल वाजेल. सेन्सर आणि दोन बेल मिळून १,४५० रुपये. पहिला आठवडा बेल उगाच वाजत राहिली, चुंबक तिरका बसला होता. सरळ केल्यावर थांबली.

मग सगळ्या घरांत विचारलं. बाहेरून कुलूप लावून आत कुणाला ठेवलं जातं अशी आणखी दोन घरं निघाली. एका घरात सातवीतली मुलगी शाळेतून आल्यावर, दुसऱ्यात पलंगावरच असलेल्या आजी. कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. दारोदार जाऊन विचारावं लागतं, तेही न रागावता.

जुलै, दोन आठवडे

मावश्यांसाठी गेटवरच रोज पंधरा मिनिटं. गॅस बंद, दार ओढून घ्यायचं पण कुलूप लावायचं नाही, जिना, बदामाचं झाड. प्रत्येकीला दुसऱ्या जिन्याने एकदा चालवलं. नोटिसा मराठीत आणि हिंदीत केल्या, चित्रांसह. आणि एक गोष्ट कळली : इमारत आमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. तीन मजल्यांवर चार घरं करणाऱ्या एका मावशींना कोणत्या आजी कधी अंघोळीला जातात, कोण कानाचं यंत्र काढून झोपतं, सगळं ठाऊक. त्यांना आम्ही दिवसाच्या जबाबदार केलं. ड्रिलमुळे त्यांना पुढच्या घरी उशीर होतो आणि बोलणी त्यांना बसतात, म्हणून ड्रिलच्या दिवशी प्रत्येकीला १५० रुपये आणि पुढच्या घरी कमिटीचा फोन.

याच काळात ज्यांना चालता येत नाही त्यांना न्यायच्या तऱ्हा करून बघितल्या. चादरीत घालून : सपाटीवर जमतं, जिन्यावर चादर हातातून सुटते आणि डोकं पायरीला लागतं. वाळूची गोणी घालून बघितलं म्हणून बरं. प्लॅस्टिकची खुर्ची : दुसऱ्याच फेरीत पाय मोडला. लाकडी खुर्ची चौघांनी धरून आठव्यावरून खाली आणायला १४ मिनिटं, तीही बावीस वर्षांच्या मुलांनी. बुधवारी सकाळी चार तरुण कुठून आणायचे?

म्हणून ठरवलं : नऊ, दहा, अकरा मजल्यांवरचे अशक्त लोक आठव्याच्या रेफ्युजमध्ये थांबतील. खालच्यांनी, आग आपल्या घरात नसेल आणि जिन्यात धूर असेल, तर घरातच राहायचं. दार बंद, फटीत ओले टॉवेल, बाल्कनीत जायचं, १०१ ला फोन करून मजला आणि घर नंबर सांगायचा. २०१८ मध्ये मुंबईत परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली, तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेलं आठवून शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला लावला होता. सासूबाईंना मी तेच सांगितलं. आता त्यांच्या पलंगाशी टॉवेल असतो आणि बाल्कनीत पाण्याची बादली. त्यांनी स्वतः ठेवली.

जिन्यावरून घसरवत नेता येणारी खुर्ची वैद्यकीय साहित्याच्या दुकानात ३१,००० ला मिळाली. दोन माणसांत काम होतं. सप्टेंबरात घेतली, आठव्यावर ठेवली, कुलुपाशिवाय.

१७ ऑगस्ट, शनिवार. तिसरं ड्रिल, रात्री साडेदहा

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत गोरेगावला पहाटे आग लागली, ती तळमजल्याच्या पार्किंगमध्ये, आणि माणसं गेली ती वर, धुराने. म्हणून रात्रीचं करायचं होतं. आठवडा सांगितला होता, वेळ नाही. जिन्यातले दिवे बंद केले आणि एका जिन्याला 'धूर' समजून तिसऱ्या मजल्यावर लाल पट्टी बांधली.

लोकांनी पट्टी तोडली आणि त्याच जिन्याने उतरले. रोजचा जिना पायात बसलेला असतो. पट्टीजवळ माणूस उभा करायला हवा होता.

इमर्जन्सी दिवे चार मिनिटांत विझले. बॅटऱ्या जुन्या. बारा नवे दिवे, १३,८०० रुपये. पावसाने शेवटच्या पायऱ्या ओल्या होत्या, दुसऱ्या मजल्यावरच्या एकीचा पाय मुरगळला. एक्स-रे आणि औषधांचा खर्च सोसायटीने दिला. रात्री ड्रिल करायचं तर आधी पायऱ्या पुसून घ्या. आमची चूक झाली.

मुलांसाठी पोहण्याच्या चष्म्यांवर बटर पेपर चिकटवला आणि त्यांना भिंतीला हात लावून वाकून चालायला लावलं. एक भिंत सोडायची नाही, एवढंच. दोनदा करून घेतल्यावर त्यांना जमलं, मोठ्यांना तीनदा लागलं.

१ सप्टेंबर, रविवार

७ तारखेला गणपती. मांडव दरवर्षी गेटच्या आत, मधोमध. यंदा फूटपट्टी घेऊन मोजलं, बाजूने जेमतेम दुचाकी जाईल एवढी वाट उरत होती. मांडव मागच्या बाजूला नेला. दोन ज्येष्ठ काका नाराज झाले, देव रस्त्यावरून दिसला पाहिजे म्हणून. गेटवर फुलांची कमान केली, तिथून मूर्ती दिसते. विसर्जनानंतर बांबू परत रेफ्युजकडे निघाले होते, ते मी जिन्यातच अडवले. आता ते पंपरूममागे असतात.

२७ नोव्हेंबर, बुधवार. चौथं ड्रिल, पुन्हा सव्वाअकरा

२० तारखेला विधानसभेच्या मतदानाची सुट्टी, म्हणून एक आठवडा पुढे. इमारतीत ६८ माणसं. लिफ्टने कुणीच नाही. शेवटचा माणूस झाडाखाली ७ मिनिटं ५० सेकंदांत, मोजणी नवव्या मिनिटाला पूर्ण. रेफ्युजमध्ये चारजण थांबले. सासूबाई घरातच राहिल्या, टॉवेल लावून, आणि मला बाल्कनीतून फोन करून घर नंबर सांगितला.

सहाव्यावरचे आजोबा मावशींचा हात धरून जिन्याने उतरले. मध्ये एकदा थांबून त्यांनी विचारलं, घंटा झाली का? मावशी म्हणाल्या, झाली, चला, मुलं वाट बघताहेत.

१२ जानेवारी २०२५, रविवार

प्रपत्र 'ब'ची वेळ. या वेळी एजन्सी वेगळी, आणि त्यांच्या माणसाबरोबर आम्ही चौघं गच्चीपासून तळापर्यंत फिरलो. प्रत्येक मजल्यावरचा हायड्रंट, म्हणजे आगीसाठीचा नळ, उघडून पाणी बघितलं. नवव्यावर दाब कमी आला, व्हॉल्व्हमध्ये गाळ होता. पाचव्यावरचं एक नोझल पुन्हा नाही. सही दुरुस्तीनंतर, २५ तारखेला.

पुढचं ड्रिल एप्रिलमध्ये, मंगळवारी दुपारी तीन वाजता घ्यायचं आहे. त्या वेळी मावश्या नसतात, वॉचमनची पाळी बदलत असते आणि म्हातारी माणसं झोपलेली असतात. समोरच्या काकू मे महिनाभर गावी जाणार आहेत. आजोबांच्या दाराची किल्ली तोवर कुणाकडे ठेवायची ते अजून ठरायचं आहे. ६०४ वाल्यांना विचारते.